वैराची सीमा : स्टुटगार्टचे महापौर मान्फ्रेड रोमेल

मुंबईच्या भगिनी-नगरांमध्यें जर्मनींतील स्टुटगार्ट शहराची गणना १९६८ सालापासून होत आली आहे. तथापि त्या शहराचा कारभार कोणीं व कसा चालविला, याची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांस असेल. ‘महापौर’ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें जी मूर्ति उभी राहते, ती सभांचें अध्यक्षस्थान भूषविणाऱ्या व पाहुण्यांचें स्वागत करणाऱ्या एका मानकऱ्याची होय. कारण आपल्या महानगरांत खरा कारभार आयुक्तांच्या हातीं असतो. नैर्ऋत्य जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग प्रांतांत तशी स्थिति नाहीं. तेथें महापौरास नागरिक प्रत्यक्ष मतदानानें आठ वर्षांकरितां निवडतात. नगरसभेचा तो अध्यक्ष असतो आणि सर्व नोकरवर्गाचा मुख्यहि तोच असतो. अशा पदावर एकच मनुष्य दीर्घकाल राहिला, तर त्याच्या स्वभावाची छाप शहरावर पडल्यावांचून राहत नाहीं.

स्टुटगार्टनें १९४५ ते १९९६ या एक्कावन्न वर्षांत दोनच महापौर पाहिले. पहिले आर्नुल्फ क्लेट. शहर फ्रेंच सैन्याच्या हातीं पडल्यावर, १९४५ च्या एप्रिलांत, त्यांची नेमणूक झाली, आणि १९७४ च्या ऑगस्टांत अधिकारावर असतांनाच ते वारले. बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलें नगर पुन्हा उभें करणें हें त्यांचें जीवितकार्य होतें. त्यांच्या मागून आलेले मान्फ्रेड रोमेल यांनीं बावीस वर्षें कारभार केला. क्लेट यांचें कार्य दगडाविटांत दिसतें. रोमेल यांच्या कार्यांतील सर्वांत मोठी गोष्ट मात्र एका दफनभूमीच्या तीन हात जमिनीसंबंधानें आहे. ती समजण्यास त्यांच्या बालपणांतील एक प्रसंग ध्यानीं घेतला पाहिजे.

आफ्रिकेंतील युद्धामुळें जगप्रसिद्ध झालेले सेनापति एर्विन रोमेल हे मान्फ्रेड यांचे वडील. हिटलरच्या वधाच्या कटांत त्यांचें अंग असल्याचा संशय आल्यावरून १४ ऑक्टोबर १९४४ रोजीं दोन सेनाधिकारी त्यांच्या उल्मजवळील घरीं आले. विष घ्या म्हणजे कुटुंबास धक्का लागणार नाहीं, नाहींतर न्यायासनापुढें चला, असा पर्याय त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला. सेनापतींनीं पत्नीचा व पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेतला आणि ते मोटारींत बसून निघून गेले. लोकांस सांगण्यांत आलें कीं, रणांगणावरील जखमांमुळें त्यांस मृत्यु आला. चारच दिवसांनीं, १८ ऑक्टोबरला, उल्म येथें सरकारी इतमामानें त्यांचा अंत्यविधि झाला. ज्यांनीं मारलें त्यांचींच पुष्पचक्रें शवपेटीवर होतीं. आणि खरें काय तें जाणणाऱ्या मुलास ओठ मिटून उभें राहणें भाग होतें. राजसत्ता मृतालासुद्धां आपल्या कामास कशी जुंपते, हें त्यानें त्या कोवळ्या वयांत पाहिलें.

युद्धानंतर मान्फ्रेड यांनीं कायद्याचा अभ्यास केला, प्रांतिक सरकारांत नोकरी केली, अर्थखात्यांत वरच्या पदापर्यंत मजल मारली आणि १९७४ सालीं ख्रिस्ती लोकशाही पक्षातर्फे ते महापौर निवडून आले. काटकसर हा त्यांचा पहिला गुण. खर्चाचें बोलावयाचें तर ते हिशेबनीसाप्रमाणें चोख, आणि भाषण करावयाचें तर मिस्किल विनोदानें सभेस हंसवीत असत. कारखान्यांतून राबण्यास दूर देशांहून आलेल्या मजुरांस परके न लेखतां नागरिकांत सामावून घेतलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह स्वपक्षांतील कित्येकांस रुचत नसे.

परंतु त्यांची खरी कसोटी १९७७ च्या शरद्ऋतूंत लागली. ‘लाल सेना गट’ या हिंसक क्रांतिकारक संघटनेच्या लोकांनीं ५ सप्टेंबरला उद्योगपति हान्स मार्टिन श्लायर यांस पळवून नेलें. त्या वेळीं त्यांच्याबरोबरचे चार इसम ठार झाले. पुढें १८ ऑक्टोबरला स्टुटगार्टच्या श्टामहाइम तुरुंगांत असलेले संघटनेचे पुढारी बाडर, एन्सलिन व रास्पे यांचा अंत झाला. त्यांनीं आत्महत्या केली असा चौकशीचा निर्णय आहे. दुसऱ्या दिवशीं श्लायर यांचें प्रेत सांपडलें. त्यांचा अंत्यविधि २५ ऑक्टोबरला स्टुटगार्ट येथेंच झाला. इतक्यांत त्या तिघांच्या दफनास शहरांत जागा मिळावी अशी मागणी पुढें आली.

लोकमत खवळलें होतें, आणि तें अकारण नव्हतें. ज्यांच्या संघटनेनें आमचीं माणसें मारलीं, त्यांस आमच्याच शहराची माती कां द्यावी? उद्यां तेथें त्यांच्या भक्तांची यात्रा भरली तर? या प्रश्नांत केवळ सूडबुद्धि होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण रोमेल यांनीं डोर्नहाल्डन दफनभूमींत जागा देण्याचा निर्णय केला. प्रत्येक वैर कोठें तरी संपलेंच पाहिजे, व तें मृत्यूपाशीं संपतें, ही त्यांची भूमिका होती. दफनभूमींत पहिला वर्ग व दुसरा वर्ग असा भेद त्यांस मान्य नव्हता. २७ ऑक्टोबरला, कडक पोलीस-बंदोबस्तांत, ते तिघे एकाच थडग्यांत पुरले गेले.

रावणाचा वध झाल्यावर त्याच्या अंत्यसंस्कारास कचरणाऱ्या बिभीषणास रामचंद्रांनीं जें सांगितलें, तें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तथापि जें पुराणांत ऐकून मान डोलवावयाची, तें मतदारांचा रोष पत्करून आचरणांत आणणें ही गोष्ट निराळी. रोमेल यांस त्या अतिरेक्यांविषयीं यत्किंचितहि सहानुभूति नव्हती. म्हणूनच या निर्णयाचें मोल अधिक. उल्मच्या त्या खोट्या समारंभाची आठवण या निर्णयाच्या मुळाशीं असावी, असें माझें अनुमान आहे. एके ठिकाणीं सत्तेनें मृताला खोटा मान दिला. दुसरीकडे त्याचा अपमान करण्याची मागणी सत्तेकडे होत होती. दोहोंतहि प्रेत हें सत्तेचें साधनच. तें साधन हातीं असूनहि न वापरणें, हा धडा त्या पंधरा वर्षांच्या मुलानें फार महाग किंमत देऊन घेतला होता.

लोकांनीं या महापौरास टाकलें काय? नाहीं. १९८२ व १९९० या दोन्ही निवडणुकींत ते पहिल्याच फेरींत विजयी झाले, आणि १९९६ अखेर वयोमर्यादेमुळें निवृत्त झाले. वडिलांशीं रणांगणावर लढलेले सेनापति माँटगोमेरी यांच्या मुलाशीं त्यांचा स्नेह होता, आणि दुसरे शत्रुसेनापति पॅटन यांच्या मुलाशींहि होता. म्हणजे वैर संपविण्याचें तत्त्व त्यांनीं घरींहि पाळलें. ७ नोव्हेंबर २०१३ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि पुढच्या वर्षीं स्टुटगार्टच्या विमानतळास त्यांचें नांव देण्यांत आलें. विमानतळावरील नांव प्रवासी वाचतील व विसरतील. पण ज्या नगरानें मारणाऱ्यांस व मारल्या गेलेल्यांस दोन दिवसांच्या अंतरानें आपल्याच मातींत जागा दिली, त्यास आपल्या महापौराची ओळख त्या मातीवरूनच अधिक खरी पटेल.