दिनविशेष, ८ ऑक्टोबर : मकबऱ्याचे वास्तुकार अताउल्ला

१६५७ : औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचे औरंगाबादेत निधन झाले. पुत्र अकबराच्या जन्मानंतर महिनाभरातच ती गेली. तिच्या कबरीवर पुढे बीबी का मकबरा उभा राहिला.

मकबरा सगळ्यांना माहीत आहे. तो रचणाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. ते अताउल्ला रशीदी, ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावर त्यांचे आणि अभियंता हंसपत राय यांचे नाव कोरलेले आहे. ताजमहालावर सुलेखनकार अमानत खानाचे नाव आहे, वास्तुकाराचे नाही. वडिलांना न मिळालेला मान मुलाला या शहरात मिळाला.

याच अताउल्लांनी १६३४-३५ मध्ये, म्हणजे मकबऱ्याच्या सुमारे पाव शतक आधी, भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत नेले होते. आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आहे तो कन्नडचा घाट उतरल्यावर, चाळीसगावजवळच्या पाटणला! आपल्याच मुलखातले हे नाते शाळेत शिकवलेच पाहिजे.

अशा गणितज्ञाच्या कामाला नुसती ‘ताजची नक्कल’ म्हणणे अन्यायाचे आहे. संगमरवर मोजका, बाकी दगड आणि चुन्याचा गिलावा. एवढ्यावर त्यांनी ही वास्तू उभी केली. मकबऱ्यात जाल तेव्हा घुमटाकडे वळण्याआधी दारापाशी थांबा, सोबतच्या मुलांना ही दोन नावे सांगा.