धारवाडमार्गे आलेला बुद्ध्यांक

पुण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला विचारा, बुद्ध्यांक म्हणजे काय? उत्तर तोंडावर असते. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले शंभर. आठ वर्षांच्या मुलीचे मानसिक वय दहा निघाले, तर तिचा बुद्ध्यांक १२५. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि पान उलटते.

मीही ते पान असेच उलटले होते. पुढे शिक्षक झाल्यावर एका पालकांनी मुलाच्या तपासणीचा अहवाल टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, हा आकडा म्हणजे नक्की काय?" सूत्र सांगून झाले. मग ते म्हणाले, "म्हणजे कोणत्या मुलांच्या मानाने?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मानसिक वय दहा म्हणजे कोणाच्या दहा वर्षांच्या मुलांइतके? पॅरिसच्या, कॅलिफोर्नियातल्या, की आपल्याकडच्या? या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण धारवाडला पोचतो.

सुरुवात मात्र पॅरिसची. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात मागे पडणारी मुले शिक्षकांना जाणवू लागली. त्यांना कसे ओळखावे यासाठी १९०४ साली फ्रेंच सरकारने समिती नेमली. तिचे एक सदस्य आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली तीस लहानलहान कामांची एक मालिका तयार केली. १९०८ मध्ये ही कामे वयवार मांडली गेली आणि 'मानसिक वय' ही कल्पना रूढ झाली. भागाकाराची युक्ती बिनेंची नव्हे. ती १९१२ साली जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांनी सुचवली. शंभराने गुणून तिला आजचे रूप दिले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी, १९१६ साली. बिने त्याआधीच, १९११ मध्ये वारले होते. मागे पडलेल्या मुलाची बुद्धी योग्य सरावाने वाढवता येते, असे ते मानत. कसोटी अमेरिकेत पोचल्यावर तिचा उपयोग बंदरावर उतरणाऱ्या परदेशी माणसांना पारखण्यासाठीही झाला. मदत कोणाला हवी हे शोधायला बनवलेले साधन कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवायला वापरले गेले. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

आपल्याकडे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झाला, मग १९२४ मध्ये म्हैसूरला. लाहोरच्या सी. एच. राइस यांनी १९२०च्या दशकात हिंदुस्थानी भाषेत बिने कसोटीचे रूपांतर केले. मराठी मुलांसाठी हे काम केले डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथे त्यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बिने कसोटी पडताळून पाहिली. त्याविषयीचा त्यांचा लेख १९३४ साली शैक्षणिक मानसशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. पुण्यात तेव्हा विद्यापीठसुद्धा नव्हते. ते १९४९ साली स्थापन झाले आणि त्यातला प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० सालचा.

यात एवढे कठीण काय, भाषांतरच तर करायचे, असे कोणाला वाटेल. म्हणून टर्मनची १९१६ची कसोटीच उघडून पाहू. सहा वर्षांच्या मुलाने चार नाणी ओळखायची आहेत, आणि ती सगळी अमेरिकन. हे सोपे, नाणी बदलता येतात. पण आपल्या बाजारात कोणते नाणे मुलाच्या हाती कितव्या वर्षी येते? ते खेड्यात आणि शहरात सारखेच असते का? नऊ वर्षांसाठीचा एक प्रश्न यमकांचा आहे. 'डे', 'मिल' आणि 'स्प्रिंग' या शब्दांशी जुळणारे शब्द मुलाने सांगायचे. 'डे'ला इंग्रजीत जुळणारे शब्द ढिगाने सापडतात. त्याचे भाषांतर 'दिवस' केले की मूल 'नवस' म्हणून थांबते. शब्दाचा अर्थ तोच राहिला, पण प्रश्न कितीतरी अवघड झाला. उलट 'घर' दिले तर बर, सर, कर, चर अशी रांग लागते आणि प्रश्न पोरखेळ होतो. चित्रातल्या दोन चेहऱ्यांपैकी सुंदर कोणता, असेही पाच वर्षांच्या मुलांना विचारलेले आहे. ते कोणाच्या नजरेने ठरवायचे?

आकडे ऐकून पुन्हा म्हणून दाखवणे हा प्रकार वरकरणी सर्व भाषांत सारखा वाटतो. तोही तसा नाही. वेल्समधील द्वैभाषिकांवर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वेल्श भाषेतले अंक उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्यामुळे त्या भाषेत थोडे कमी अंक लक्षात राहतात. डोके तेच, भाषा बदलली की गुण बदलले.

म्हणूनच रूपांतरात खरे श्रम असतात ते प्रश्न योग्य वयाच्या पायरीवर बसवण्यात. एखादे काम सात वर्षांच्या मुलांपैकी बहुतेकांना जमते आणि सहा वर्षांच्या थोड्यांनाच, तर ते सातव्या पायरीचे. हे घरी बसून ठरत नाही. शेकडो मुलांना एकेक करून समोर बसवावे लागते. लहान वयात प्रत्येक पायरीवर सहा प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराचे दोन महिने मिळतात. सहा दुणे बारा, म्हणजे एक वर्ष. एक प्रश्न चुकीच्या पायरीवर बसला तर मुलाच्या मानसिक वयातून दोन महिने विनाकारण जातात. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. 'कोणत्या मुलांच्या मानाने?' तर ज्या मुलांवर पायऱ्या बसवल्या, त्यांच्या मानाने. इथे ती मुले १९३०च्या दशकातली, मुंबई इलाख्यातली.

पुण्यात पुढे वेगळी वाट निघाली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि बुद्धिमान मुले निवडण्यासाठी कसोट्या वापरल्या. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे एकच एक माप न मानता तिच्या १२० क्षमतांचा आराखडा मांडला होता. प्रबोधिनीतल्या संशोधनाने तो आधाराला घेतला. एका आकड्यावर सारा भार टाकण्यापेक्षा हे मला अधिक समंजस वाटते, जरी १२० क्षमता खरोखर सुट्या दाखवता येतात का यावर वाद आहे. नागपूरला आर्थर मालिन यांनी १९६९ साली वेक्सलरच्या मुलांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूप तयार केले.

तरीही बिने-कामत कसोटी टिकली. कमी वेळात होते आणि साहित्य थोडे लागते. मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र द्यावे की नाही, हे ठरवताना ती दीर्घकाळ वापरली गेली आहे. अडचण अशी की मुले बदलतात. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब इतिहासजमा झाला, एवढेच नव्हे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले की अमेरिकेत दर दहा वर्षांत सरासरी बुद्ध्यांक सुमारे तीन गुणांनी वर सरकत होता. पुढे इतर अनेक देशांतही अशी वाढ आढळली. आपल्याकडे वेग नेमका तोच असेल असे समजण्याचे कारण नाही, पण दिशा तीच असली तर जुन्या मुलांच्या मानाने आजच्या मुलाचा आकडा फुगून येईल. आता अक्षमतेची सीमारेषा ७०च्या आसपास मानतात. ज्याचा आकडा नव्या मानकांवर ६६ आला असता त्याचा जुन्यांवर ७५ आला, तर त्याला सवलतही नाही आणि विशेष शिक्षकही नाही. घरी मात्र सांगितले जाते, "मुलगा ठीक आहे, अभ्यास करत नाही."

त्या पालकांच्या अहवालात आकडा ठळक होता. कसोटीचे नाव खाली बारीक अक्षरांत होते, आणि मानके कोणत्या सालची हे कुठेच नव्हते. मी त्यांना तपासणी करणाऱ्यांसाठी दोन प्रश्न लिहून दिले. कसोटी कोणती, आणि तिच्या पायऱ्या कोणत्या मुलांवर व केव्हा बसवल्या? तिसरा त्यांनी स्वतःच घातला : मूल रोजच्या व्यवहारात काय काय करू शकते, हे पाहिले का?