शिक्का आणि पेटी : संगणकीय कंटेनरमधील अधिकारवाढीचा पूर्वेतिहास

देहू परिसरात कंटेनर म्हटले की तळेगाव-चाकण मार्गावरील मालवाहू पेट्या डोळ्यांपुढे येतात. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांनी अमेरिकेत प्रचारात आणलेल्या या पेटीचे नाव पुढे संगणकशास्त्राने उसने घेतले. आज्ञावली आणि तिला लागणारी सामग्री एकाच बंदिस्त पेटीत भरून ती कोठेही चालवावी, ही त्यामागील कल्पना होय. या बंदिस्तपणातील जे छिद्र २०२१ मध्ये उघडकीस आले, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्याचे मूळ पेटीहून पुष्कळ जुने आहे.

ते १९७१ च्या युनिक्सपर्यंत जाते. या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलला मालक असे आणि वाचणे, लिहिणे, चालविणे यांच्या परवानग्या नोंदविल्या जात. डेनिस रिची यांनी त्यात 'सेट-यूआयडी' ही खूण आणली. अशी खूण असलेली आज्ञावली कोणीही चालविली तरी ती मालकाच्या अधिकाराने चालते. स्वतःचा परवलीचा शब्द बदलता यावा, पण इतरांचे बदलता येऊ नयेत, अशा कामांसाठी ही सोय मोलाची ठरली. १९७९ मध्ये रिची यांना तिचे पेटंटही मिळाले. मराठा दफ्तराच्या अभ्यासकास येथे शिक्का-मोर्तब आठवावे. शिक्क्याने पत्रास अधिकार येई. अखेरच्या मोर्तबाने मजकुराची सीमा ठरे, मागाहून भर घालता येत नसे. सेट-यूआयडी हा केवळ शिक्का होता. तो कोणाच्या हाती पडावा, हे फोल्डरांच्या परवानग्यांवर सोडलेले होते.

१९७९ चे 'सीएचरूट', २००० मधील फ्रीबीएसडीचे 'जेल' आणि २०१३ मधील डॉकर असा पेटीचा प्रवास झाला. भिंती वाढल्या, परंतु कर्नल एकच राहिला. कंटेनर म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे. त्यातील फाइली यजमान यंत्राच्याच डिस्कवर असतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेली 'सीव्हीई-२०२१-४१०९१' ही त्रुटी नेमकी येथेच होती. डॉकरच्या साठवण-फोल्डरातील काही उपफोल्डरांच्या परवानग्या सैल होत्या. कंटेनरच्या आत 'रूट' असलेल्याने सेट-यूआयडीची खूण असलेली आज्ञावली तेथे ठेवावी आणि यजमान यंत्रावरील सामान्य खातेदाराने बाहेरून त्या फोल्डरात शिरून ती चालवावी, एवढ्याने तो खातेदार संपूर्ण यंत्राचा धनी होई. दुसरा धोका क्रमांकांचा. कर्नल माणसास नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो. दोन महाविद्यालयांतील समान हजेरी क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना एकच समजावे, तसा आतील १००० आणि बाहेरील १००० हा त्याच्या लेखी एकच मालक. त्याच महिन्यात 'कंटेनर-डी'मध्येही अशीच त्रुटी आढळली; हा निव्वळ योगायोग मानणे प्रस्तुत लेखकास कठीण वाटते.

आतील 'रूट'ला बाहेर सामान्य क्रमांक देण्याची व्यवस्था डॉकरमध्ये २०१६ पासून आहे, परंतु ती आपोआप लागू होत नाही. सोयीपुढे सावधगिरी मागे पडली, असेच म्हणावे लागते. एकाच सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांची खाती असणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी हे विशेषत्वाने तपासावे. २०.१०.९ या आवृत्तीत त्रुटी दुरुस्त झाली; मात्र ती बसविल्यानंतर चालू कंटेनर पुन्हा सुरू केल्याखेरीज त्यांच्या फोल्डरांच्या परवानग्या बदलत नाहीत.