बिनतिकिटाची साहित्यसभा

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते. घाट चढायचा म्हणून तिला मागून जादा इंजिनं लावतात. तेवढ्या वेळात उतारू बटाटेवडे घेतात, चहा पितात आणि गाडी पुढं निघते. घाटात पळसदरी, जांबरुंग आणि त्यापुढं ठाकुरवाडी अशी नावं लागतात. ठाकुरवाडी हे एकाच गावाचं नाव नव्हे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या नावाच्या कितीतरी वाड्या डोंगराच्या कडेला वसलेल्या आहेत. भोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. त्यानंतर मुंबईचे विद्वान पुण्याला व्याख्यानं द्यायला आणि पुण्याचे मुंबईला, असे याच वाटेनं जाऊ-येऊ लागले. वाडीवरच्या माणसानं गाडी रोज पाहिली. पण गाडीतलं व्याख्यान काही वाडीवर उतरलं नाही. असं का झालं, हे आज थोडं पाहू.

पलीकडे स्कॉटलंडात विगटाऊन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथली दुधाची डेअरी आणि दारूची भट्टी बंद पडल्यानं लोकांची रोजी गेली होती. १९९८ साली त्या गावाला त्या देशाचं 'पुस्तकांचं गाव' ठरवण्यात आलं, जुन्या पुस्तकांची दुकानं निघाली आणि पुढच्या वर्षापासून साहित्याचा उत्सव भरू लागला. तिकडच्या अशा उत्सवांत नामवंत लेखकाला ऐकायचं तर तिकीट काढावं लागतं. पण काही कार्यक्रम गावकऱ्यांसाठी मोफत ठेवायचे, मुलांना गोष्टी सांगायच्या, ज्याला आपलं लिहिलेलं वाचायचं असेल त्याला उभं राहू द्यायचं, अशीही रीत आहे. हे ऐकून आपल्यातला कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आमच्याकडं कीर्तनाला, भारुडाला, गोंधळाला तिकीट कधी होतं? खरंच नव्हतं. मात्र कीर्तनाला तिकीट नसलं, तरी देवळात कोणी बसायचं आणि कोणी वेशीबाहेरून कान द्यायचे, हे ठरलेलं असे. तिकीट नसणं ही एक गोष्ट आणि दार उघडं असणं ही दुसरी. आपल्या मराठी साहित्यसभांचा इतिहास या दुसऱ्या गोष्टीपाशी पुष्कळदा अडलेला दिसतो.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यात संध्याकाळी जमायचं आणि जाणत्या माणसाकडून एखादा विषय समजून घ्यायचा, ही प्रथा तिथून महाराष्ट्रभर पसरली. आज तालुक्याच्या गावी जी व्याख्यानमाला भरते, ती तिचीच लेक. पुढं १८७८च्या मे महिन्यात रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजच्या साहित्यसंमेलनाचं मूळ इथलं. जमलेली मंडळी पन्नासच्या आसपास, म्हणजे एखाद्या वाडीच्या जत्रेलाही याहून जास्त माणसं येतात. पण काम मोठं होतं, त्याला कमी लेखू नये.

दुसरी सभा १८८५ साली भरली. तिचं बोलावणं जोतीराव फुल्यांनाही गेलं होतं. त्यांनी यायचं नाकारलं आणि का नाकारलं ते रानड्यांना पत्रानं कळवलं. त्या पत्राचा सारांश असा, की जे लोक सर्व माणसांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, आणि तसं वागतही नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, पुस्तकांचा मेळ बसणार नाही. शिक्षकबंधूंनी हे पत्र मुळातून वाचावं आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना वाचून दाखवावं. भाषा तिखट आहे. पण तो रुसवा नव्हे. ज्याच्या कष्टावर सगळं चालतं, त्याचं दुःख सभेत कुणाला ठाऊकच नसेल, तर नुसतं आमंत्रण घेऊन त्यानं तिथं काय करायचं?

आणि जोतीराव नुसते नाकारून बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वीच, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला होता. हा ग्रंथ आपण कुठं कुठं वाचून दाखवला, ते त्यांनी प्रस्तावनेत नोंदलं आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो ऐकला, तसाच जुन्नर, ओतूर, हडपसर इथल्या लोकांनीही ऐकला. शेतकऱ्यावरचा ग्रंथ शेतकऱ्यालाच वाचून दाखवायचा. श्रोत्याला अक्षर येत नसलं तरी चालेल, कान आहेत ना! मला विचाराल तर मराठीतली पहिली खरी मोफत साहित्यसभा मी हीच मानीन, मग ती संमेलनांच्या यादीत असो वा नसो.

सयाजीरावांनीही पुढं एक मोठं काम केलं. अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून त्यांनी १९१० पासून राज्यात मोफत वाचनालयांची घडी बसवली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या पेट्या खेडोपाडी पाठवत. एक पेटी वाचून झाली की दुसरी येई. न वाचता येणाऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाची चित्रं दाखवत. आपल्या महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा व्हायला १९६७ साल उजाडलं.

रेडिओनंही एक प्रयोग करून पाहिला होता. १९५६ साली पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी जमायचं, अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं येत. ऐकणारा उलट बोलू लागला, ही त्यातली मोठी गोष्ट. आपला जिल्हा, तेव्हाचा कुलाबा, त्या पाचांत नव्हता.

उलट बोलण्याचं असंच एक ठळक उदाहरण मुंबईचं. १९५८ साली तिथं पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन केलं अण्णा भाऊ साठ्यांनी. शाळेची पायरी जेमतेम चढलेला माणूस साहित्याच्या व्यासपीठावर उद्घाटक म्हणून उभा राहिला. जोतीरावांच्या पत्राला त्र्याहत्तर वर्षं झाली होती.

अलीकडं, ४ मे २०१७ रोजी, महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं मांडली. कुणीही यावं, ओसरीवर बसावं, वाचावं, दाम द्यायचा नाही. विगटाऊनात पुस्तकाचं दुकान असतं, भिलारात पुस्तकाचं घर असतं, हा फरक मला आवडतो. तरी तिथं वाचणारा बहुधा पाहुणा असतो आणि घरधनी चहापाण्याचं बघत असतो, हेही लक्षात असू द्यावं.

आता पुन्हा ठाकुरवाडीकडं वळू. ठाकूर समाजावर ल. ना. चापेकरांनी कष्टानं अभ्यास करून 'ठाकुर्स ऑफ द सह्याद्री' हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. ग्रंथ मोलाचा, पण इंग्रजीत. ज्यांच्या रीतीभातींबद्दल तो आहे, त्यांच्यापुढं तो कोण वाचून दाखवणार? त्यातलं चुकलंमाकलं सांगायला वाडीवर म्हाताऱ्याकोताऱ्या असतील, पण त्यांना विचारायला कोणी जात नाही.

म्हणून वाडीच्या शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावंसं वाटतं. सभा भरवायला मांडव नको, पाहुणा नको. शाळेचा व्हरांडा आणि एक दिवा पुरे. पहिल्या संध्याकाळी अशा ग्रंथातली चार पानं सोप्या मराठीत सांगावीत आणि थांबावं. मग आजीबाईंना बोलू द्यावं, त्यांच्या ठाकरी बोलीतच. मुलांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवावं, शुद्ध करायला जाऊ नये. गाणं आलं तर गाणं, उखाणा आला तर उखाणा. दुसऱ्या खेपेला ती वही मोठ्यानं वाचावी आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाच विचारावं, बरोबर उतरलं का?

दिवस मात्र जपून ठरवावा. आषाढात सगळी वाडी लावणीच्या चिखलात असते. दिवाळी झाली की शेजारच्या कातकरीवाडीतली कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, त्यांची मुलंही जातात. तेव्हा कापणी सुरू व्हायच्या आधी, नवरात्राच्या सुमारास, चांदण्या रात्री सभा भरवली, तर ठाकूर आणि कातकरी, दोन्ही वाड्यांची माणसं व्हरांड्यात मावतील की नाही, एवढाच प्रश्न राहील.