लॅटिन चषक
फ्रान्स, इटली, स्पेन व पोर्तुगाल या लॅटिनकुलीन भाषा बोलणाऱ्या चार राष्ट्रांच्या साखळी-विजेत्या फुटबॉल संघांसाठी १९४९ मध्ये सुरू झालेली व १९५७ नंतर बंद पडलेली स्पर्धा. यजमानपद आळीपाळीने एकेका राष्ट्राकडे जाई, आणि दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाची लढत व अंतिम सामना एवढ्यातच सारा कारभार आटोपत असे. पहिल्याच वर्षी, सुपेर्गा टेकडीवरील विमान-अपघातात जवळजवळ संपूर्ण संघ गमावलेल्या तोरिनोने जुळवाजुळव करून खेळाडू उतरवले व तिसरे स्थान मिळवले. चषक जिंकणाऱ्या बार्सिलोनापेक्षा ही हकिकतच अधिक स्मरणीय म्हणावी लागेल. १९५० मध्ये बेन्फिकाला बोर्दोविरुद्ध पुनर्सामन्यात, तोही जादा वेळेत, निर्णय लावावा लागला. बार्सिलोना, मिलान व रेआल माद्रिद यांनी प्रत्येकी दोनदा विजेतेपद पटकावले. १९५५ मध्ये युरोपीय चषकाचा आरंभ झाल्यावर मात्र या मर्यादित स्पर्धेचे प्रयोजन उरले नाही.