द्वीपक पेशींचे संवर्धन आणि संप्रेरके

स्वादुपिंडातून अलग केलेली लँगरहॅन्स द्वीपके शरीराबाहेर पोषक माध्यमात जगवत असताना संप्रेरकांचा (हॉर्मोनांचा) त्यांच्या तगण्यावर, वाढीवर आणि इन्शुलिन स्रवण्याच्या क्षमतेवर होणारा परिणाम. मधुमेहाचे संशोधन आणि द्वीपकांचे प्रतिरोपण या दोन्हींसाठी हा विषय महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी : पॉल लँगरहॅन्स याने बर्लिनमध्ये विद्यार्थिदशेत, १८६९ साली, स्वादुपिंडातील या पेशीपुंजांचे वर्णन केले. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर लागेस याने त्यांना लँगरहॅन्सचे नाव दिले. माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख द्वीपके असतात, पण त्यांचे वजन अवयवाच्या एक ते दोन टक्केच भरते. द्वीपकातील बीटा पेशी इन्शुलिन, अल्फा पेशी ग्लुकागॉन आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन स्रवतात. कोलॅजिनेज या विकराने भोवतालची ऊती विरघळवून उंदराची द्वीपके अखंड अलग करण्याची पद्धत पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढचे बहुतेक काम या पद्धतीवर उभे आहे.

पेशी का मरतात : स्वादुपिंडातल्या द्वीपकाला त्याच्या वजनाच्या मानाने कितीतरी अधिक रक्त मिळते. अलग करताना रक्तवाहिन्या तुटतात आणि आधार देणारी प्रथिनांची जाळी विकराने झिजते. संवर्धनाच्या बशीत प्राणवायू फक्त बाहेरून झिरपत येतो, त्यामुळे मोठ्या द्वीपकांचा गाभा गुदमरून मरतो. उरलेल्या पेशींपैकी काही नियोजित पेशीमृत्यूच्या वाटेने जातात. रक्तासोबत येणारे संप्रेरकांचे संदेशही थांबलेले असतात. वासराच्या गर्भाचे सीरम माध्यमात घातल्यास ही उणीव थोडी भरून निघते, पण त्यात कोणते संप्रेरक किती आहे हे दर खेपेला सारखे नसते. म्हणून एकेका संप्रेरकाचा परिणाम तपासायचा तर सीरमविरहित माध्यम वापरतात.

तारक संप्रेरके : गर्भारपणात वाढणारे प्रोलॅक्टिन आणि वारेतून स्रवणारे लॅक्टोजेन ही या गटातली सर्वांत अभ्यासलेली संप्रेरके. वृद्धी संप्रेरकाचे काम त्यांच्याशी मिळतेजुळते आहे. उंदरांच्या द्वीपकांत ती बीटा पेशींचे विभाजन आणि इन्शुलिनचा स्राव दोन्ही वाढवतात. मानवी द्वीपकांत विभाजनावरचा परिणाम तोकडा असला, तरी प्रोलॅक्टिनमुळे पेशीमृत्यू कमी झाल्याचे आढळले आहे.

जेवणानंतर आतड्यातून येणारे जीएलपी-१ बीटा पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूची पातळी वाढवते आणि मृत्यू रोखणारी यंत्रणा जागी करते. ताज्या अलग केलेल्या मानवी द्वीपकांवरचा असा परिणाम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात हे संप्रेरक काही मिनिटांतच मोडते. त्यामुळे हिला मॉन्स्टर या सरड्याच्या लाळेत सापडलेले, अधिक टिकाऊ एक्सेंडिन-४ प्रयोगांत बहुधा त्याच्या जागी वापरतात. इस्ट्रोजेन गटातील इस्ट्राडायॉल ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून आणि सायटोकाइन या दाहकारक प्रथिनांपासून बीटा पेशींचा बचाव करते.

द्वीपकाने स्वतः स्रवलेले इन्शुलिनही त्याला जगवते. मात्र माध्यमात वरून इन्शुलिन घातले, की पेशींनी किती स्रवले हे त्याच्या मोजणीवरून कळत नाही. अशा वेळी इन्शुलिनबरोबरच सुटणारे सी-पेप्टाइड मोजतात.

दुधारी संप्रेरके : डेक्सामेथासोनसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइडे जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्यास इन्शुलिनचा स्राव दबतो आणि बीटा पेशी मरू लागतात. तरीही अल्प मात्रेतले हायड्रोकॉर्टिसोन दाह शमवते, म्हणून काही सीरमविरहित माध्यमांत ते मुद्दाम घालतात. संप्रेरक तारक की मारक, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. मात्रा, कालावधी आणि प्राणिजात यांवरून ठरते.

मापन : द्वीपकातील जस्ताशी संयोग पावणाऱ्या डायथिझोन या रंजकाने द्वीपके लाल दिसतात आणि ओळखू येतात. जिवंत पेशी फ्लुओरेसीन डायअ‍ॅसिटेटने हिरव्या, तर मेलेल्या प्रोपिडियम आयोडाइडने लाल चमकतात. पण जिवंत असलेली पेशी काम करतेच असे नाही. म्हणून द्वीपके आधी कमी आणि मग जास्त ग्लुकोजच्या द्रावणात ठेवून इन्शुलिन किती पटींनी वाढते ते पाहतात. माणसाच्या तपासणीशी याची तुलना करता येते. भारतात प्रसूतिगृहात राष्ट्रीय सूचनांप्रमाणे गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा त्याहून अधिक आल्यास गर्भारपणातील मधुमेह मानतात. बशीतल्या द्वीपकाची परीक्षाही याच तत्त्वावर चालते. एक फरक असा, की गर्भवतीच्या बीटा पेशींपाठी प्रोलॅक्टिन आणि वारेचे लॅक्टोजेन उभे असते आणि बशीत ते वरून घालावे लागते.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे राज्यातील या कामाचे एक महत्त्वाचे ठिकाण. १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती आणि पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याची सुरुवात झाली. तेथे रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्वादुपिंडाच्या संवर्धनातून मोठ्या संख्येने द्वीपके मिळवण्याची पद्धत मांडली. हळदीतील कर्क्युमिन सायटोकाइनांमुळे होणारा द्वीपकांचा मृत्यू रोखते आणि गोठवून साठवलेली द्वीपके अधिक प्रमाणात परत मिळवून देते, असे त्यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. कर्क्युमिन संप्रेरक नाही. संप्रेरकाचा संदेश न देताही, पेशीची ताण सोसणारी प्रथिने वाढवून ती तगवता येते, हे या कामातून दिसते. पुण्यातच घडलेले आनंदवर्धन हर्डीकर यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २००३ मध्ये मानवी स्वादुपिंडातील पूर्वगामी पेशींवर काम केले. या पेशी स्वतःच एफजीएफ-२ हा वृद्धिघटक स्रवतात आणि त्याच्या प्रभावाने एकत्र येऊन द्वीपकांसारखे पुंज बनवतात, असे त्यात आढळले.

उपयोग आणि मर्यादा : कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या द्वीपकांच्या यशस्वी प्रतिरोपणात ग्लुकोकॉर्टिकॉइडे कटाक्षाने टाळली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये मृत दात्यांच्या द्वीपकांपासून बनवलेल्या उपचाराला प्रथमच मान्यता दिली. महाराष्ट्रात दान केलेल्या अवयवांचे वाटप विभागीय समित्यांमार्फत होते. दात्याचे वय, प्रकृती आणि स्वादुपिंड बर्फात राहिल्याचे तास यांनुसार द्वीपकांचा दर्जा बदलतो. त्यामुळे एका दात्याच्या पेशींना मानवलेले माध्यम दुसऱ्याच्या पेशींना मानवेलच असे नाही. प्रतिरोपणानंतर नव्या रक्तवाहिन्या जोडल्या जायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर तग धरण्याची शिदोरी द्वीपकांना बशीतच बांधून द्यावी लागते.