ग्रॅहमबाईंची साक्ष

परदेशांत हिंडतांना भूकंपांत सांपडलेल्या प्रवाशांचीं वर्णनें युरोपीय वाङ्मयांत पुष्कळ आहेत, आणि बहुतेक एकाच ठशाचीं आहेत. घर हललें, लोक धांवले, देवाचा धांवा झाला, प्राण वांचले. पुढल्या प्रकरणांत प्रवासी दुसऱ्या गांवीं पोंचलेला असतो. भूकंपानें तेथील जमिनीचें काय झालें हें पाहावयास तो थांबत नाहीं. त्यास दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा? कोयनेचा १९६७ सालचा किंवा किल्लारीचा १९९३ सालचा धक्का ज्यांनीं सोसला त्यांस विचारावें. पायांखालची भुई हलूं लागली म्हणजे मोजमाप कोणास सुचतें? या नियमास अपवाद असें एक प्रकरण आम्हांस ठाऊक आहे. तें चिली देशांत घडलें, आणि त्यांतील साक्षीदार एक इंग्रज विधवा होती.

मराठी वाचकांस ही बाई अगदींच परकी नाहीं. मारिया डंडस या १८०८ सालीं वडिलांबरोबर मुंबईस यावयास निघाल्या. वडिलांची नेमणूक मुंबईच्या आरमारी गोदीवर झाली होती. वाटेंत जहाजावर टॉमस ग्रॅहम या आरमारी अधिकाऱ्याशीं त्यांची ओळख झाली, आणि १८०९ सालीं मुंबईंत उभयतांचें लग्न लागलें. घारापुरीचीं व कार्ल्याचीं लेणीं बाईंनीं स्वतः जाऊन पाहिलीं, आणि विलायतेस परतल्यावर १८१२ सालीं हिंदुस्थानांतील वास्तव्याची आपली रोजनिशी छापून प्रसिद्ध केली. पाहिलें तें वेळच्या वेळीं टिपून ठेवण्याची ही संवय पुढें त्यांच्या फार कामीं आली.

१८२१ सालीं कॅप्टन ग्रॅहम यांच्या 'डोरिस' जहाजावरून पतिपत्नी दक्षिण अमेरिकेकडे निघालीं. १८२२ च्या एप्रिलांत, केप हॉर्नच्या वादळी टापूंत, कॅप्टन वारले. बाईंनीं त्यांस वाल्पाराइसो बंदरीं मूठमाती दिली; पण लगोलग मायदेशीं न परततां तेथेंच एक लहानसें घर घेऊन त्या राहिल्या. स्पेनचें जूं नुकतेंच झुगारून दिलेल्या त्या राष्ट्राच्या आरमाराचा सेनापति लॉर्ड कॉक्रेन हा स्कॉच दर्यावर्दी होता. वाल्पाराइसोच्या उत्तरेस क्विंटेरो येथें त्याचें घर होतें; त्या घरीं ग्रॅहमबाई उतरल्या असतां १९ नोव्हेंबर १८२२ ची रात्र उजाडली. उजाडली हा शब्द आम्ही मुद्दामच वापरीत आहों; त्या रात्रीं तेथें कोणी डोळा मिटला नाहीं.

दिवस शांत गेला होता, चांदणें पडलें होतें. सव्वादहाच्या सुमारास सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला आणि घरास जबर हिसका बसला. धुराडीं कोसळलीं, भिंती दुभंगतांना दिसल्या. आधीं जलद कंप, आणि तो थांबतो न थांबतो तोंच भरसमुद्रांतील जहाजासारखें डोलणें. आरमारी अधिकाऱ्याच्या लेकीस ही उपमा पुस्तकांतून घ्यावी लागली नाहीं. वाऱ्याची झुळूक नसतां झाडांचे शेंडे जमिनीस टेंकतात कीं काय इतके वांकत होते. गुरें रात्रभर हंबरत होतीं, आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट पहांटेपर्यंत थांबला नाहीं. पुढें कित्येक दिवस धक्के बसतच होते, आणि त्यांची नोंद रोजनिशींत पडतच होती.

येथवर हें वर्णन इतरांहून सरस असलें तरी त्यांच्याच जातीचें आहे. खरी गोष्ट यापुढें आहे. क्विंटेरोच्या किनाऱ्यावर बाई गेल्या तेव्हां भरतीची वेळ असूनही जुना समुद्रतळ उघडा पडलेला त्यांस दिसला. खडकांस चिकटलेलीं कालवें व शिंपल्या जागच्या जागीं मेल्या होत्या आणि त्यांची दुर्गंधि सुटली होती. वाल्पाराइसोच्या बंदरांत एका जुन्या जहाजाचा सांगाडा होता. पूर्वीं तेथें चालत जातां येत नसे, तें आतां येऊं लागलें. बाईंनीं अदमास केला कीं किनारा वाल्पाराइसोस सुमारें तीन फूट व क्विंटेरोस सुमारें चार फूट उचलला गेला आहे. एवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. किनाऱ्यास समांतर अशा शिंपल्या-गोट्यांच्या जुन्या ओळी समुद्रापासून पन्नास फूट उंचीपर्यंत त्यांस आढळल्या, आणि पूर्वींच्या भूकंपांनींही हा किनारा असाच पायरीपायरीनें वर आला असावा असें अनुमान त्यांनीं मांडलें. हा वृत्तांत १८२४ सालीं लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला.

अनुमान साधें दिसतें. परंतु त्या काळीं तें मोठ्या वादाच्या मुळाशीं होतें. पर्वत कशानें झाले? एकाच प्रचंड उत्पातानें, कीं आजही चालूं असलेल्या लहान लहान हालचालींनीं, अपरिमित काळ लोटल्यावर? चार्ल्स लायेल यानें १८३० सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दुसरा पक्ष घेतला. त्यास जिवंत दाखले हवे होते. कच्छच्या रणांत १८१९ च्या भूकंपानें जमिनीचा जो लांबच लांब उंचवटा उठला आणि ज्यास लोक अल्लाबंद म्हणूं लागले, तो एक दाखला त्यास मिळाला. ग्रॅहमबाईंचा किनारा हा दुसरा.

विरुद्ध पक्षाचे पुढारी जॉर्ज बेलस ग्रीनो हे त्याच सोसायटीचे एक संस्थापक व तेव्हांचे अध्यक्ष होते. १८३४ च्या सुमारास अध्यक्षपदावरून त्यांनीं बाईंच्या वृत्तांताची खिल्ली उडविली. त्यांच्या हातांत एक बरें शस्त्रही होतें, तें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं: शंखशिंपल्यांचे जाणते संग्राहक ह्यू कमिंग हे त्या वेळीं वाल्पाराइसोसच राहत होते, आणि किनारा उचलल्याचें त्यांच्या नजरेस आलें नव्हतें. पण सोसायटीच्या दिवाणखान्यांत बसून साक्षीदाराचीच टर उडविणें ही निराळी गोष्ट. भ्यालेल्या माणसाचे डोळे दगा देतात हें खरें. परंतु किनारा उचलल्याचा पुरावा भीतीच्या त्या एका रात्रींत गोळा केलेला नव्हता. बाई जानेवारी १८२३ मध्यें चिलीहून निघाल्या, तोंवर तो किनारा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि मेलेलीं कालवें कोणाच्या घाबरण्यानें खडकावर चढत नाहींत.

त्या वेळीं बाई चित्रकार ऑगस्टस कॉलकॉट यांच्या पत्नी होत्या व आजारानें बहुधा घरांतच असत. त्यांचे पति व भाऊ ग्रीनोंस द्वंद्वाचें आव्हान देण्यास सिद्ध झाले, तेव्हां तुम्ही दोघे स्वस्थ बसा, माझी लढाई मला लढतां येते, असें बाईंनीं बजावल्याची आठवण त्या घराण्यांत सांगत. त्यांनीं सोसायटीस उद्देशून छापील पत्र काढलें आणि एकेका आक्षेपास उत्तर दिलें.

निकाल मात्र पत्रानें लागला नाहीं. २० फेब्रुवारी १८३५ रोजीं 'बीगल' जहाजावरील तरुण प्रवासी चार्ल्स डार्विन चिलीतील वाल्दिव्हियाच्या रानांत विसाव्यासाठीं आडवा झाला असतां जमीन हलूं लागली. धक्का दोनच मिनिटांचा, पण त्यास तो फार लांबला असें वाटलें. पुढें मार्चांत जहाज कॉन्सेप्सियनकडे आलें, तों तें शहर ढिगारा होऊन पडलेलें. जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांस जवळच्या सांता मारिया बेटावर, भरतीच्या रेषेच्या दहा फूट वर, कुजलेल्या शिंपल्या खडकास अजून चिकटलेल्या आढळल्या. क्विंटेरोचीच साक्ष, दुसऱ्या तोंडून. डार्विननें चिलीचा किनारा उचलला जात असल्याचे पुरावे ४ जानेवारी १८३७ रोजीं वाचून दाखविले, ते त्याच जिऑलॉजिकल सोसायटींत. स्त्रीची जी साक्ष थट्टेवारी नेली गेली, तिला पुरुषाचें पाठबळ मिळतांच विद्वत्तेचा दर्जा यावा, हें आम्हांस कांहींसें खटकतें. पण डार्विनच्या श्रमांस त्यानें उणेपणा येत नाहीं.

बाई १८४२ सालीं वारल्या. विलायतेंत त्यांचें नांव पुढें राहिलें तें मुलांसाठीं लिहिलेल्या इंग्लंडच्या इतिहासामुळें. चिलीच्या किनाऱ्याखालीं पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का नांवाचा थर दक्षिण अमेरिकेच्या पोटाखालीं सरकत असतो. तो अडकला म्हणजे वरची भूमि दबते, सुटला म्हणजे उसळते, हें कळावयास विसावें शतक उलटत यावें लागलें. सांता मारिया बेट १८३५ नंतर पावणेदोनशें वर्षांत सुमारें १.४ मीटर खचलें, आणि २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपांत सुमारें १.८ मीटर पुन्हां वर आलें. हा हिशेब मांडणाऱ्यांनीं आरंभाचा आंकडा म्हणून फिट्झरॉयचीं मापें घेतलीं.